पोलिसांनी विचारलं "मोबाईल घेतला?" आणि भाऊ म्हणाला "मोबाईल घेतला"

तर्रीपोहे | शनिवार, रात्री ११:५२

एरवी मी इथे पाककृतींच्या विभागात असते. हा धागा कुठे टाकावा ते कळेना, म्हणून 'आपलं नागपूर'मध्ये टाकतेय. अ‍ॅडमिन, हलवायचा असेल तर हलवा.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. बोलतो, पण स्वतःहून कमी. बरेचदा समोरच्याचंच वाक्य परत म्हणतो. एका वर्कशॉपमध्ये कागदी पिशव्या करायला जातो, आपली बस आपण पकडतो, पगार आईच्या हातात मोजून देतो. घाबरला की मेट्रोच्या ऑरेंज लाईनची स्टेशनं ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत म्हणत बसतो. एकही चुकत नाही.

मागच्या शनिवारी एका गजबजलेल्या बाजारात मोबाईल कव्हरच्या ठेल्यावर तो कव्हरं रंगाप्रमाणे लावत बसला होता. ठेलेवाला ओळखीचा, तो काही म्हणत नाही. त्या दिवशी नेमका ठेल्यावर त्याचा पोरगा होता. एका बाईंनी आपला फोन कव्हरांवर ठेवला. निळा होता. भावानं उचलून निळ्या रांगेत लावायला घेतला. बाई ओरडल्या, लोक ओरडले, हा पळाला. फोन हातातच.

हे मी लपवत नाही. फोन त्याच्या हातात होता आणि तो पळाला.

लोकांनी धरलं, दोन-चार लगावल्या, पोलीस आले. ठाण्यात जे झालं ते तिथल्याच एका शिपायानं मला नंतर सांगितलं.

"मोबाईल घेतला?"
"मोबाईल घेतला."
"चोरी किया?"
"चोरी किया."
"आणखी कोणाचे घेतले?"
"आणखी कोणाचे घेतले."

मराठीत 'का' न लावता प्रश्न विचारला की प्रश्न आणि कबुली यांत फक्त आवाजाच्या चढाचा फरक राहतो. माझ्या भावाच्या बोलण्यात चढ-उतार नाहीच. साहेबांना वाटलं, पोट्टा मजाक करून राहिला. एक कानाखाली बसली. मग त्यानं स्टेशनं सुरू केली. काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक. "गांजा मारला का बे?" (रहाटे कॉलनीच्या बाजूला सेंट्रल जेल आहे, हे त्या क्षणी फक्त मलाच सुचलं असेल.)

मी पोचले तोवर तीन तास झाले होते. बाईंना फोन परत मिळाला होता, त्या "जाऊ द्या" म्हणाल्या. आमच्याकडून एक माफीनामा लिहून घेतला आणि सोडलं. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, घरी आईच्या कपाटात लॅमिनेट करून ठेवलेलं. हसू नका.

प्रश्न असा की पुढच्या वेळी काय? त्याचं नाव आता कुठे नोंदलं गेलंय का? आणि अशा मुलांसाठी ठाण्यात काही नियम आहेत की नाही?

---

संत्राबर्फी | रविवार, सकाळी ७:१५

ताई, वाचून पोटात कालवलं. सध्या एवढंच.

---

चष्मिस | रविवार, सकाळी ९:०४

वाईट झालं, पण दुसरी बाजू मांडतो. पोलिसांना कसं कळणार? प्रत्येक खिसेकापू उद्या "मी ऑटिस्टिक" म्हणेल आणि सर्टिफिकेट दाखवेल. आणि राग मानू नका, अशा मुलाला एकटं सोडताच कशाला?

---

तर्रीपोहे | रविवार, सकाळी ९:३१

राग मानला. त्याला एकट्यानं बस पकडायला शिकवायला आम्हाला चार वर्षं लागली. मी स्वतः सहा महिने त्याच बसमध्ये मागच्या सीटवर अनोळखी बाई होऊन बसले. ते सोडून त्याला घरात बसवायचं, ते कोणाच्या सोयीसाठी?

---

काळाकोट | रविवार, दुपारी १२:४०

सिव्हिल लाईन्सला फौजदारी वकिली करतो. जमेल तितकं सरळ सांगतो.

आधी दिलासा. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. पण खरा पेच त्याच कलमाच्या परंतुकात आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. शिवाय कबुली पुराव्यात येवो न येवो, तपासाची दिशा तिथेच ठरते. "यानंच केलं" असं तपासी अधिकाऱ्याच्या डोक्यात एकदा बसलं की पुढचे जबाब त्याच अंगानं लिहिले जातात.

दुसरं, चोरीला अप्रामाणिक उद्देश लागतो. निळ्या रांगेत निळा फोन लावणं ही चोरी नाही. पण हे कोर्टात सिद्ध व्हायला दोन वर्षं लागली असती, आणि पळाला म्हणून कोणी भारतीय न्याय संहितेचं हिसकावण्याचं कलम ३०४ लावलं असतं तर आणखी डोकेदुखी.

ठाण्यातल्या नियमांचं सांगतो. पीडित व्यक्तीला बौद्धिक किंवा मानसिक अक्षमता असेल, तर लैंगिक गुन्ह्यात तिची फिर्याद घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर, व्हिडिओवर नोंदवायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस), म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम १७३. मॅजिस्ट्रेटपुढचा जबाबही तसाच, कलम १८३. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचं तर अशा व्यक्तीला घराबाहेर कुठे यायला लावता येत नाही, कलम १७९. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 'असुरक्षित साक्षीदार' या व्याख्येत अपंगत्व असलेल्यांनाही घेतलं आणि त्यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी साक्ष केंद्रं करायला सांगितलं.

आता हेच सगळं आरोपीसाठी शोधा. तुमचा भाऊ त्या खुर्चीवर संशयित म्हणून बसला होता, आणि त्याच्या शेजारी विशेष शिक्षक बसवा असं सांगणारं कलम मला बीएनएसएसमध्ये दाखवता येणार नाही.

---

चष्मिस | रविवार, दुपारी १:१०

वेड्यासाठी आयपीसीचं कलम ८४ आहे ना?

---

काळाकोट | रविवार, दुपारी १:३८

ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२. 'मनोविकल' माणसाची कृती. त्यात कृत्य करताना ते काय आहे किंवा ते चुकीचं आहे हेच कळत नव्हतं, एवढं सिद्ध करावं लागतं, आणि तो भार आरोपीवर. ऑटिस्टिक माणसाला चोरी चूक असते हे पक्कं कळतं, बरेचदा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. त्यामुळे हे कलम त्याला बसत नाही, आणि बसवून घेऊही नये. बीएनएसएसमध्ये कलम ३६७ पासूनचं प्रकरण आहे, आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत आहे का ते तपासायचं. तेही कोर्टात गेल्यावरचं. ठाण्यातल्या पहिल्या तीन तासांचं नाही.

एक गंमत सांगतो, वकिलाला गंमत वाटते अशी. बीएनएसएसचं कलम ३५(७) म्हणतं, आरोपी अशक्त किंवा ६० च्या वर असेल तर डीवायएसपी दर्जाच्या परवानगीशिवाय अटक नाही, पण तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात. साध्या चोरीला शिक्षा किती? तीन वर्षांपर्यंत. म्हणजे 'कमी' या एका शब्दानं गेलं.

---

खाकी३२ | रविवार, रात्री ९:२०

३२ वर्षे नोकरी केली, हवालदार म्हणून रिटायर झालो. शिव्या द्यायच्या तर द्या, पण ऐका.

राजेहो, जमाव जमला की पहिलं काम पोराला जित्ता बाहेर काढायचं. ते त्या पोलिसांनी केलं, एवढं तरी माना. दुसरं, आमच्या हाडात एकच शिकवण. पळाला तो चोर, डोळ्याला डोळा देत नाही तो खोटा, उलट बोलला तो माजलेला. ह्या ताईंचा भाऊ तिन्हीत बसला. मला नोकरीत असताना ऑटिझम हा शब्द कोणी सांगितला नाही. मुके-बहिरे समजायचे, 'पागल' समजायचे, मधलं काही नव्हतं. मी असं कोणाला मारलं नसेल असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रिटायर झाल्यावर नातवाच्या शाळेत एक असाच पोट्टा पाहिला, तेव्हा दोन-तीन जुने चेहरे आठवले. झोप नाही आली.

ताईंच्या प्रश्नाचं. गुन्हा दाखल नाही म्हणजे सीआर नंबर (गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक) नाही. स्टेशन डायरीला "अमुक इसमास आणले, समज देऊन सोडले" एवढी नोंद असेल. तिनं रेकॉर्डवरचा गुन्हेगार होत नाही. पण तो माफीनामा कसा लिहिला ते पाहा. "मी चोरी केली, पुन्हा करणार नाही" असं लिहिलं असेल तर तो कागद बरा नाही.

---

तर्रीपोहे | रविवार, रात्री ९:४४

काका, अगदी तसंच लिहिलंय. सही त्याची. तो सही फार सुंदर करतो.

---

काळाकोट | रविवार, रात्री १०:०२

पोलिसांसमोर दिलेला आहे, कबुली म्हणून किंमत शून्य. तरी उद्याच पीआय साहेबांच्या नावानं एक अर्ज द्या. त्यात अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा, त्या दिवशी काय घडलं ते लिहा, आणि तो मजकूर त्याला न समजता लिहून घेतला हे नोंदवा. भांडू नका. आवक शिक्क्याची प्रत घ्या. काही झालंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाईन १५१००.

---

फळाखडू | सोमवार, दुपारी ४:१५

मी विशेष शिक्षिका आहे. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) प्रकरणांत कोर्टात साहाय्यक म्हणून तीन-चारदा गेले आहे. काळाकोट यांनी सांगितलेला फरक मी आतून पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एक १४ वर्षांची मुलगी होती, बौद्धिक अक्षमता. साक्षीच्या आधी दोनदा तिला कोर्टाची रिकामी खोली दाखवून आणली. कुठली खुर्ची तिची, पाणी कुठे, नको वाटलं तर कुठलं लाल कार्ड वर करायचं. साक्ष बरी चालली. मग उलटतपासणी. आपल्याकडची ती ठरलेली भाषा तुम्ही ऐकली असेल: "असे म्हणणे खोटे आहे काय की, त्या दिवशी तू घरी नव्हतीस असे तू आईला सांगितले नाहीस?" मला स्वतःला तीनदा वाचावं लागलं. त्या मुलीनं "हो" म्हटलं. पुढच्याला "हो". त्याच्या पुढच्याला, जो नेमका उलटा होता, त्यालाही "हो". तिला लहानपणापासून एकच शिकवलंय, मोठी माणसं विचारतात तेव्हा हो म्हणायचं. मी हात वर केला, न्यायाधीशांनी वकिलांना प्रश्न तोडून विचारायला लावला. "त्या दिवशी तू कुठे होतीस?" "मावशीकडे." एका शब्दात सगळं आलं.

ती मुलगी पीडित होती म्हणून मी तिथे होते. हीच मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात असती तर मला कोणी फोनही केला नसता, आणि ते सगळे "हो" तसेच टाईप झाले असते.

चष्मिस यांना एवढंच. कोणी ऑटिस्टिक आहे म्हणून सोडून द्या असं इथे कोणीच म्हणत नाहीये. प्रश्न त्याला कळला की नाही ते पाहा, मग उत्तर लिहा, एवढंच मागणं आहे. खिसेकापूलाही सोपा प्रश्न विचारला तर पोलिसांचं काय जातं?

---

चष्मिस | सोमवार, संध्याकाळी ६:३०

हे पटलं. "एकटं सोडता कशाला" हेही मागे घेतो.

---

लीड्सकर | सोमवार, रात्री ११:०५

मूळचा नागपुरातल्या महालचा, आता इंग्लंडात. इथली माहिती उपयोगी पडेल.

१९७२ साली लंडनमध्ये एका खुनात तीन पोरांना धरलं. एक १८ वर्षांचा, पण समज लहान मुलाची. पोलीस ठाण्यात कबुल्या घेतल्या, शिक्षा झाल्या, आणि १९७५ ला अपील कोर्टानं त्या रद्द केल्या. त्यावर चौकशी बसली आणि अखेर १९८४ च्या पोलीस कायद्यात 'अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅडल्ट' आला. संशयित अल्पवयीन असेल किंवा समज-संवादाची अडचण असलेला प्रौढ असेल, तर एक तिऱ्हाईत किंवा घरचं माणूस चौकशीत शेजारी हवंच. तो वकील नसतो. काय चाललंय ते त्याला कळतंय ना, एवढं पाहतो, नाही कळलं तर मध्ये बोलतो.

इथे सगळं गोड आहे असं मात्र नाही. १९९९ च्या कायद्यानं साक्षीदाराला संवाद-मध्यस्थ मिळतो, आरोपीला त्याच कलमातून वगळलंय. म्हणजे तुमच्यासारखाच फरक. २०२१ मध्ये इथल्या न्याययंत्रणेच्या तपासणी संस्थांनी अहवाल काढला, त्यात म्हटलं की तुरुंगात येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना कुठली ना कुठली न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूचं काम वेगळ्या पद्धतीनं चालण्याची, अडचण असू शकेल. एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं), डिस्लेक्सिया, ऑटिझम, डोक्याला मार लागलेले, सगळे धरून. निम्मे! मग ह्याला अपवाद म्हणायचं कसं?

---

संत्राबर्फी | मंगळवार, सकाळी ८:४०

मला एडीएचडी आहे, ३४ व्या वर्षी कळलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा नाही. म्हणजे मला कार्डही नाही. एकदा ट्रॅफिकवाल्यानं थांबवलं, लायसन्स शोधताना मी गाडीचे कागद, किराण्याची यादी आणि एक चमचा काढून दिला. तो म्हणाला, घाबरलास का, काय लपवून राहिला? दंड ५०० आणि अपमान वेगळा. मी तर नोकरी करणारा, सफाईदार बोलणारा. बोलता न येणाऱ्याचं काय होत असेल.

---

वर्धारोड | मंगळवार, सकाळी ११:२०

तुरुंगाचं कोणी बोललं नाही म्हणून. आपल्याच सेंट्रल जेलमध्ये ९० टक्के अपंगत्व असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा कित्येक वर्षं व्हीलचेअरवर होते. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं निर्दोष सोडलं, ऑक्टोबरमध्ये वारले. दिसणाऱ्या अपंगत्वाची ही गत, तर न दिसणाऱ्याची

---

अ‍ॅडमिन | मंगळवार, सकाळी ११:३२

वर्धारोड, वाक्य अर्धवट दिसतंय. त्या खटल्याच्या राजकारणावर इथे चर्चा नको, त्याचा वेगळा धागा आहे. तुरुंगातल्या सोयींवर बोला.

---

काळाकोट | मंगळवार, दुपारी २:१५

सोयींवरच बोलतो. १५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूतल्या एका अपंग वकिलाच्या प्रकरणात त्या राज्यातल्या तुरुंगांना आदेश दिले. तुरुंगात येतानाच कैद्याला आपलं अपंगत्व सांगण्याची संधी द्या, नियम त्याला समजेल अशा पद्धतीनं सांगा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. चांगलं आहे. पण ऑटिझम स्वतः 'सांगायला' आधी तो कोणी ओळखलेला हवा. वस्तीतल्या गरीब घरातल्या पोराला कोण तपासतंय? त्याला शाळेनं 'ढ' म्हटलेलं असतं, ठाण्यानं 'माजलेला', आणि जेलमध्ये तो फक्त एक नंबर. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कडे जावं तर त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. योग्यच आहे ते, कारण तो आजार नाही. पण परिणाम असा की कैद्यांच्या मानसिक आरोग्याची जी व्यवस्था त्या कायद्यानं लावून दिली, तिच्या दारातूनही बौद्धिक अक्षमता असलेला कैदी परत.

---

खाकी३२ | मंगळवार, रात्री ८:५०

कायदा होईल तेव्हा होईल. ताई, तुम्ही एक करा. पोराला घेऊन तुमच्या भागातल्या ठाण्यात जा, पण गर्दीच्या वेळी नाही. सकाळी हजेरी आटोपल्यावर. ठाणे अंमलदाराला भेटवा, बीट मार्शलला चेहरा दाखवा, फोन नंबर द्या. पोलिसाला ओळखीचा चेहरा वेगळा दिसतो. हा नियम नाही, पण चालतो.

---

फळाखडू | मंगळवार, रात्री ९:३०

आणि गळ्यात किंवा खिशात कार्ड. त्यावर 'स्वमग्न' लिहू नका, एका शिपायानं मला विचारलं होतं, "म्हणजे कविता करतो का?" 'ऑटिझम' एका ओळीत असू द्या, पण खाली तो काय करेल ते लिहा. मराठी आणि हिंदी दोन्हीत, आपल्या बाजारात मारणारे हिंदीत विचारतात.

---

तर्रीपोहे | पुढचा गुरुवार, रात्री १०:२५

अर्ज दिला, शिक्का मिळाला. पीआय साहेब आधी नाखूश होते. मी एवढंच म्हटलं, तुम्ही त्याला एक प्रश्न विचारून बघा. त्यांनी विचारलं, "जेवलास?" भाऊ म्हणाला, "जेवलास." तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तो जेवला नव्हता. साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग मी त्यांना दाखवलं, "जेवला की नाही जेवला?" असंही विचारायचं नाही, कारण तो शेवटचा पर्याय उचलतो. "सकाळी काय खाल्लं?" भाऊ म्हणाला, "पोहे. तर्री नाही." साहेबांनी ते बाजूच्या शिपायाला सांगितलं. माफीनामा फाडला नाही, पण माझा अर्ज त्यालाच टाचून ठेवला.

ज्यानं कानाखाली मारली तो तिथेच होता. काही बोलला नाही, मीही नाही. भाऊ मात्र त्याला पाहून खापरीपासून उलटी स्टेशनं म्हणायला लागला. उलटी तो कधीच म्हणत नाही.

कार्डाचा मजकूर असा केलाय, सुधारा:

"मला ऑटिझम आहे. मी तुमचंच वाक्य परत म्हणतो, ती कबुली नाही. मोठ्या आवाजाला घाबरून पळतो. हात धरू नका, बसायला सांगा. 'काय', 'कुठे' असे छोटे प्रश्न विचारा, थोडं थांबा. ताईचा फोन:"

---

फळाखडू | गुरुवार, रात्री १०:५१

छान आहे. 'ती कबुली नाही' सगळ्यात वर घ्या. लोक दोनच ओळी वाचतात. आणि मागे त्याचा फोटो.

---

काळाकोट | गुरुवार, रात्री ११:१०

यूडीआयडी नंबरही टाका. मूळ कार्ड कपाटातच राहू द्या, झेरॉक्स खिशात.

---

संत्राबर्फी | गुरुवार, रात्री ११:१४

आणि ठेलेवाल्याकडे जाऊन आलात का? त्याच्या पोरालाही एक कार्ड द्या.

---

तर्रीपोहे | गुरुवार, रात्री ११:४०

हो, कालच गेले. ठेलेवाला म्हणाला, पाठवा त्याला, आठवडाभर कव्हरं विस्कटलेलीच पडली आहेत. आई नाही म्हणते. भाऊ दर शनिवारी चार वाजता चपला घालून दाराशी उभा राहतो, परवाही राहील. अजून काही ठरलं नाही.